रुमाल टाकलेली जागा

अक्का गेली हे मला मार्थाने फोनवर सांगितलं, पण ते खरं आहे हे कळलं विल्सनरावांच्या फुलांमुळे.

"मामा, आक्का उठंना…" एवढंच मार्था म्हणाली. फोन बंद करायचं तिला सुचेना. पलीकडे चहाचं आधण उकळत असल्याचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता. मी इंदापूरहून सकाळची पहिली एसटी पकडली. लासुर्ण्याच्या आसपास खिशातला फोन थरथरला. आमच्या चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विल्सनरावांनी चित्र टाकलं होतं. त्यात पांढरी फुलं, उगवता सूर्य, कबुतर आणि मेणबत्ती असं सगळं एकदमच होतं. मधोमध अक्काचा फोटो. तो कुठल्यातरी सामूहिक फोटोतून कापलेला असल्यामुळे तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी कान उरला होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या चर्चच्या आधारस्तंभ, सर्वांच्या लाडक्या रिबेका मावशी प्रभुचरणी विलीन.' त्याखाली 'शोकाकुल' आणि कमिटीची अकरा नावं, हुद्द्याच्या क्रमाने. तेव्हा माझी खात्री पटली. विल्सनराव कमिटीचे सेक्रेटरी. गेली आठ वर्षं ते अक्काला 'ती म्हातारी' याखेरीज काहीही म्हणाले नव्हते. ती उलट उत्तर देऊ शकणार नाही याची पक्की खबर असल्याशिवाय हा माणूस तिला आधारस्तंभ म्हणाला नसता.

अक्का माझी थोरली बहीण. मी चौऱ्याहत्तरचा, ती एक्क्याऐंशीची. उभं आयुष्य तिने नर्स म्हणून काढलं. सांगवीच्या बाजूच्या वस्त्यांवर सायकलने जाऊन बाळंतपणं केली, आणि रिटायर झाल्यावर बारामतीत दोन खोल्यांत एकटी राहिली. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. पिंपळीच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं छोटं कॅथलिक चर्च आहे, त्याची एक किल्ली तिच्याकडे असे. दर रविवारी मिस्सेच्या उपासनेआधी जाऊन सतरंज्या टाकायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काढताही येत नव्हतं. मी देवाधर्माच्या भानगडीतून फार वर्षांपूर्वी बाहेर पडलो. तरी दर रविवारी इंदापूरहून येऊन तिला रिक्षाने चर्चपर्यंत न्यायचो, सतरंज्या दारापर्यंत ओढून द्यायचो आणि मग दाराबाहेरच्या लिंबाच्या कट्ट्यावर पेपर उघडून बसायचो. कट्ट्यावरून आतलं सगळं दिसतं. धर्माकडे पाहायला ही जागा उत्तम. देव दिसत नाही, पण कमिटी स्पष्ट दिसते.

आमच्याकडे चर्चमध्ये पुरुष डावीकडे आणि बाया उजवीकडे बसतात. मधून दीड हाताची वाट. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण दहा आज्ञांपैकी तीन कुठल्या असं विचारलं तर घाम फुटेल अशी माणसंसुद्धा ही वाट ओलांडत नाहीत. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी मिस्सा सुरू झाल्यावर एक उंच बाई दाराशी येऊन उभी राहिली. निळी सुती साडी, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि जिथे चपला काढतात तिथेच उभी राहिली. आतल्या माना वळल्या. सगळ्यांनी तिला ओळखलं होतं. ती आमच्याच एका कॅथलिक घरात मुलगा म्हणून वाढली, सोळाव्या वर्षी मार खाऊन घराबाहेर पडली आणि पुण्याला हिजड्यांच्या घरात राहिली. आता बाप अंथरुणाला खिळला, भाऊ फिरकेनात, म्हणून त्याचं करायला परत आली होती. बाप्तिस्म्याच्या वहीतलं तिचं नाव वेगळं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. तिने स्वतः घेतलेलं नाव मार्था.

अक्का तिसऱ्या खिडकीखाली, बंद पडलेल्या पंख्याच्या खाली बसायची. तो पंखा चालत नसल्यामुळे तिथे गर्दी नसे. तिने मागे वळून पाहिलं, पिशवीतून तिचा तो निळ्या काठाचा, पुरुषी मापाचा पांढरा रुमाल काढला आणि शेजारी सतरंजीवर अंथरला. मग भर बायबल-वाचनात, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये गं. हितं जागा धरलीया तुझी."

मार्था आली आणि रुमालाशेजारी अंग चोरून बसली. अक्काने रुमाल उचलून घडी केली आणि मांडीवर ठेवला.

रुमालाची युक्ती का, हे मी तिला परतताना विचारलं. ती म्हणाली, "यश्या, तू एवढा शिकलास पर माणसं वाचली न्हाईस. आपली लोकं देवाला भीत न्हाईत, कायद्याला भीत न्हाईत. पर एसटीत कुणी खिडकीतनं रुमाल टाकला, तर त्या जागंवर बसायची कुणाची छाती हाय का? भांडतील, कंडक्टरला शिव्या घालतील, पर रुमाल उचलनार न्हाईत." मी चाळीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, समाजशास्त्राचीही पुष्कळ पुस्तकं वाचली. आमच्या तालुक्यांविषयी याहून नेमकं वाक्य मला कुठे सापडलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कमिटी बसली. अक्काला बोलावणं आलं. तिच्यासोबत मीही गेलो, कारण फुकटची करमणूक मी सहसा सोडत नाही. विल्सनरावांनी प्रार्थनेने सुरुवात केली. आमच्याकडे कुणाचा पाणउतारा करायचा असला की आधी प्रार्थना होते. मग म्हणाले, "मावशी, आमचा कुनाला विरोध न्हाय. देव सगळ्यांचा हाय. पर बायांच्यात बसवायचं म्हंजी… आमच्या घरातल्या बाया बसत्यात तितं." त्यांची बायको स्टेलावहिनी महिला मंडळाची अध्यक्ष. ती म्हणाली, "तुमच्या त्याला मागं खुर्ची टाकू की. प्लास्टिकची, चांगली." मार्थाला ती कधीच नावाने हाक मारत नसे. 'तुमचं ते' म्हणायची.

अक्का म्हणाली, "विल्सन, तू कुठं जलमलास ठाऊक हाय का? माझ्याच हातावर. पायाळू. त्या वस्तीवरची निम्मी पोरं माझ्या हातावरची. मार्थाबी. मीच तिच्या आईला सांगितलं, मुलगा झाला. अंधूक कंदील व्हता, घाई व्हती, वरवर बघितलं अन् सांगून मोकळी झाले. त्या एका वाक्यापायी त्या लेकरानं सोळा वर्षं मार खाल्ला. उभ्या नोकरीत मी एकदाच चुकले. ती चूक माझी मी नीट करतीया. तुमी मधी येऊ नका."

कुणीतरी म्हणालं, चर्चच्या शिस्तीचं काय? त्यावर ती जे म्हणाली ते ऐकल्यावर माझ्याही हातातला चहा थांबला. "आपला आज्जा ह्या धर्मात कशापायी आला? बायबल वाचून? त्याला वाचता येत न्हवतं. गावात देवळाच्या पायरीखाली बसवायचे, चावडीवर चपलांपाशी बसवायचे. फादर म्हनाले, आत ये, सतरंजीवर बस. म्हनून आला. एका सतरंजीपायी आला त्यो. अन् त्याची नातवंडं आज ठरवनार, चपलांपाशी कुनाला बसवायचं…"

सभा संपली. इतिवृत्तात 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली' असं लिहिलं गेलं. ते मी स्वतः वाचलं आहे.

चर्चची माणसं मात्र चिवट असतात. नवे फादर आले. तरुण, सज्जन आणि कमिटीला घाबरणारे. पहिल्या रविवारी मार्था कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांगेत पुढे आली तेव्हा त्यांचा हात मध्येच थांबला. द्यावं की न द्यावं याचा विचार ते तिथेच, वेदीसमोर, सगळ्यांदेखत करू लागले. धर्मशास्त्राची सहा-सात वर्षं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला कट्ट्यावरून दिसत होती. मार्था मान खाली घालून उभी. मागून अक्काचा आवाज आला, "फादर, मागं रांग हाय." बस स्टँडवर म्हणावं तसं. फादरांनी घाईघाईने दिलं. त्यानंतर पुन्हा कधी त्यांचा हात थांबला नाही. पुढे ते स्वतःच अक्काच्या ओट्यावर येऊन बसू लागले, पण अंगात झगा नसताना आणि विल्सनराव कारखान्याच्या मीटिंगला गेलेले असताना. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या धैर्याला विल्सनरावांचं वेळापत्रक बघावं लागायचं.

ओट्यावर इतरही लोक येऊ लागले. बोभाटा झाला होता, आणि बोभाट्याचा एक फायदा असतो, तो पत्ता सांगतो. इंदापूरहून एक शिक्षिका यायची. तिचं मैत्रिणीवर प्रेम होतं आणि घरचे नवस बोलत होते. काटेवाडीला नर्सरीत काम करणारे दोघे यायचे. कागदोपत्री ते मित्र होते. सगळे काही आमच्या धर्माचे नव्हते. अक्का चहा टाकायची आणि भाजी निवडायला द्यायची. उपदेश केल्याचं मी कधी ऐकलं नाही. "उपदेश त्यांला गल्लीत फुकट मिळतो," म्हणायची. कुणी रडलं तर निवडायची भाजी वाढवायची. निघताना मात्र कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची, हिंदू असो की कुणी. ते लोक अंगारा घ्यावा तसे वाकून तो घ्यायचे.

मग वरून पत्रक आलं. समाजाने बाहेर ठेवलेल्यांचं, समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींचं, चर्चने प्रेमाने स्वागत करावं अशा अर्थाचं. जे काम एक म्हातारी काही वर्षं एका रुमालावर करत होती, ते आता कार्यक्रमपत्रिकेत आलं, म्हणजे त्याला मंडप आला. विल्सनराव रातोरात उदार झाले. 'स्वागत रविवार' ठरला. पिंपळीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला, 'सर्वांचे हार्दिक स्वागत', खाली कमिटीचे अकरा फोटो. ज्यांचं स्वागत होतं त्यांचा एकही नाही. पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. आणि मार्थाचा सन्मान म्हणून मंडपवाल्याकडून लाल मखमलीचा सोफा आणून तो चर्चमध्ये सगळ्यात पुढे, मधल्या वाटेच्या टोकाशी ठेवला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. कमिटीच्या मते हे समावेशन होतं. मागची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी मखमलीत मढवून पुढे आणली होती, एवढाच फरक.

माईकवरून पुकारा झाला, "आपल्या विशेष अतिथी मार्थाताईंनी स्थानापन्न व्हावं." मार्था पांढरी पडली. तिसऱ्या खिडकीखाली रुमालाशेजारी ती तशीच बसून राहिली. अक्का उठली. काठी टेकत, चाळीस-पन्नास जणांदेखत पुढे गेली आणि सोफ्यावर बसली. ऐसपैस. आणि मागे वळून बायांना म्हणाली, "हिरे, सखू, या गं. गुडघ्यांची सोय केलीया विल्सननं. किती वर्सं म्हनत व्हतो आपण, खाली बसवंना म्हनून…" हिराबाई आली, सखूबाई आली. तिघी म्हाताऱ्या सोफ्यात रुतून बसल्या. म्हाताऱ्यांना उठवायचं कसं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. पाहुण्यांनी विल्सनरावांचं कौतुक केलं, ज्येष्ठांचा विचार केल्याबद्दल. सोफा परत गेलाच नाही. आजही आमच्या चर्चमध्ये तो गुडघ्यांचा सोफा आहे. अक्का मात्र पुढच्या रविवारी पुन्हा सतरंजीवर, मार्थाशेजारी. तिचे गुडघे सोफ्यावरच्या दोघींपेक्षा जास्त दुखायचे.

आता त्या सकाळकडे येतो. हे लिहायचं मी टाळत होतो.

मी पोहोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. अक्काला अंघोळ घालायची तयारी चालली होती. मार्थाने चुलीवर पाणी तापवलं होतं. तिचा बाप गेल्यापासून, शेवटची दोन वर्षं, अक्काची अंघोळ, वेणी, गोळ्या सगळं तीच करत होती. इंदापूरच्या डाळिंबाच्या शेडवर दिवसभर फळं निवडायची आणि संध्याकाळच्या गाडीने बारामतीला अक्काकडे मुक्कामाला यायची. हंडा उचलून ती आतल्या खोलीकडे निघाली, तर स्टेलावहिनी दारात आडवी. "तुमी बाहेर थांबा. बायांचं काम हाय हे." मार्थाने माझ्याकडे पाहिलं. घरातला एकुलता एक नातेवाईक मी होतो. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

जन्मभर मी लोकांना शब्दांनी सोललं आहे. विल्सनरावांवर मी केलेले विनोद दोन तालुक्यांत सांगितले जातात. आणि त्या दारात माझ्या तोंडून निघालं, "आत्ता वाद नको, मार्था… राहू दे."

तिने हंडा उंबऱ्यावर ठेवला, आवाज न करता. पदराने हात पुसले आणि जाऊन चपलांच्या ढिगापाशी उभी राहिली. ज्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, त्यांच्याहून मी वेगळा कसा, या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. जो कट्ट्यावर बसतो त्याला ते सहज मिळत नाही.

दफनविधीत तीन भाषणं झाली. विल्सनराव म्हणाले, "मावशींनी आम्हाला स्वागताचा मार्ग दाखवला." मार्था कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर होती. पुढच्या रविवारी ती चर्चला आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मग मी शेडवर गेलो. ती डाळिंबं निवडत होती. डाग पडलेली एकीकडे, निर्यातीची दुसरीकडे. मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"व्हय, बोलायला पायजे व्हतं," ती म्हणाली. हात थांबला नाही. मग तिनेच विचारलं, "पानी तरी बरं व्हतं न्हवं? आक्काला लई गरम चालत न्हवतं. मी गार पान्याचं इसाण घालायचे. त्या बायांला काय म्हाईत…"

मी पाहिलं नव्हतं.

"चर्चला ये," मी म्हणालो.

"तितं माझी जागा न्हवती मामा. आक्का धरायची. आता कोन धरनार? तुमी तर गड्यांच्यातबी बसत न्हाई."

हे खरं होतं. पण अक्काची किल्ली माझ्याकडे आली होती, आणि तिच्या पिशवीतला तो रुमालही. मी म्हणालो, "येत्या रविवारपासून जागा धरलेली असेल. यायचं की नाही ते तू बघ."

त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या टाकल्या. चाळीस वर्षांनी चर्चच्या आत गेलो, ते झाडू घेऊन. तिसऱ्या खिडकीखाली, अक्काच्या जागेशेजारी, रुमाल अंथरला आणि कट्ट्यावर जाऊन बसलो. बाया आल्या. रुमाल पाहून थबकल्या. कुणी तो उचलला मात्र नाही. मार्था आली नाही. मिस्सा संपल्यावर मी रुमाल घडी करून घरी नेला. दुसऱ्या रविवारीही तेच.

तिसऱ्या रविवारी मुलांचं पहिलं कम्युनियन होतं. गावोगावचे पाहुणे, मुंगीला जागा नाही. कुठल्याशा नवख्या पाहुणीने रुमाल पाहिला आणि तो उचलायला वाकली. मी कट्ट्यावरून उठलो. या वेळी बोलायचंच असं ठरवून दारापर्यंत आलो होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "तितं नका बसू. जागा धरलीया."

स्टेलावहिनी होती.

"कुनासाठी?" पाहुणीने विचारलं. "कुनीच तर न्हाय."

स्टेलावहिनीने रुमालाकडे पाहिलं. मग दाराकडे, म्हणजे माझ्याकडे. चेहरा कारलं खाल्ल्यासारखा. "मार्थासाठी," ती म्हणाली. "यायची हाय अजून."

तिचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. तेवढा भाबडा मी नाही. तिने रुमालाचा मान राखला, जसा बारामती-इंदापूर गाडीत राखला असता. पण मी ज्यांना तुच्छ लेखतो त्यांच्यापैकी कुणी माझं काम माझ्याआधी करावं, हे मला फार जड गेलं. मी बाहेर येऊन मार्थाला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

चौथ्या रविवारी मी पोहोचलो तर चर्चचं दार उघडं होतं. दुसरी किल्ली फादरांकडे असते. त्यांनी ती दिली होती, आणि त्या दिवशी विल्सनराव गावातच होते. सतरंज्या टाकून झाल्या होत्या. तिसऱ्या खिडकीखाली, अक्काच्या जागेवर, मार्था बसली होती. मी रुमाल तिच्या हातात दिला. तिने तो मांडीवर ठेवला नाही. झटकला आणि शेजारच्या मोकळ्या सतरंजीवर नीट अंथरला.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"काय म्हाईत मामा," ती म्हणाली. "कुनीतरी येईलच की चपलांपाशी."